भाऊ क्वार्त आणि मिस्साच्या शेवटच्या सूचना

सामान्य काळातील ३१ वा आठवडा, शनिवार
पहिले वाचन: रोमकरांस पत्र १६:३-९, १६, २२-२७
शुभवर्तमान: लूक १६:९-१५



आज सकाळच्या मिस्सात पहिलं वाचन करायची पाळी ज्यांच्यावर आली असेल, त्यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. प्रिस्का, अक्विला, अपैनत, मरीया, अंद्रोनिक, युनिया, अंप्लियात, उर्बान, स्ताखु. सुरुवातीलाच नऊ नावं, आणि त्यातली निम्मी उच्चारताना जीभ अडखळणार. ऐकणाऱ्याला वाटतं, यात देवाचं वचन कुठे आहे? ही तर नुसती नमस्कारांची यादी!

संत पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास करिंथमधून लिहिलं. पाप, कृपा, श्रद्धा, तारण यांवरचं ख्रिस्ती विचारांतलं सगळ्यात खोल लिखाण या पत्रात आहे. पंधरा अध्याय तो असं लिहितो आणि सोळाव्या अध्यायात काय करतो? याला नमस्कार सांगा, तिला नमस्कार सांगा. पूर्ण अध्याय मोजला तर २४ माणसांना तो नावाने नमस्कार पाठवतो. गंमत म्हणजे तोवर पौल रोमला एकदाही गेलेला नव्हता. तरी त्याला माहीत आहे की प्रिस्का आणि अक्विलाच्या घरी मंडळी जमतात, मरीयेने तिथे खूप कष्ट घेतलेत, आशिया प्रांतात ख्रिस्ताकडे वळलेला पहिला माणूस अपैनत आता रोममध्ये आहे.

यालाच आपण बातमी म्हणतो ना? कोण कुठे आहे, कोणाचं काय चाललंय, कोणी काय केलं. पौलाला ही बातमी कोणीतरी पोचवली होती आणि त्याने ती जपून ठेवली होती.

आज मला या अध्यायाच्या शेवटाकडे येणाऱ्या दोन नावांवर थांबायचं आहे. पहिलं नाव तर्तियस. पौल सांगत होता आणि हा लिहून घेत होता. सगळं लिहून झाल्यावर त्याने हळूच एक ओळ स्वतःची टाकली, की मी तर्तियस, हे पत्र लिहून काढणारा, माझाही तुम्हांला नमस्कार. दुसरं नाव क्वार्त. लॅटिनमध्ये तर्तियस म्हणजे तिसरा आणि क्वार्त म्हणजे चौथा. त्या काळी अशी नावं गुलामांना किंवा गुलामीतून सुटलेल्यांना सर्रास असायची. मालक कशाला डोकं चालवणार? तिसरा, चौथा. आकडाच.

ज्या ओळीत क्वार्तचं नाव येतं त्याच ओळीत एरास्तचं नाव येतं. एरास्त कोण? शहराचा खजिनदार. म्हणजे आजच्या हिशेबाने महापालिकेतला मोठा अधिकारी. पौल त्याचा हुद्दा सांगतो आणि लगेच पुढे क्वार्तचं नाव घेतो. क्वार्तला हुद्दा नाही. मग पौल त्याला काय म्हणतो? भाऊ. खजिनदार आणि 'चौथा' एकाच ओळीत, आणि त्यातल्या दुसऱ्याची ओळख फक्त एवढीच की तो आपला भाऊ आहे.

आजचं सगळं मनन मला या एका शब्दाभोवती करायचं आहे.

सूचना का असतात?

पौलाची ही यादी वाचताना मला दर रविवारी ऐकू येणाऱ्या सूचना आठवतात. कम्युनियन होतं, शेवटची प्रार्थना होते आणि मग फादर किंवा पॅरिश कौन्सिलचं कोणीतरी कागद घेऊन उभं राहतं. अमक्या-तमक्यांच्या लग्नाची दुसरी घोषणा. मंगळवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेणार, नावं ऑफिसात द्या. धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक हवेत. अमुक आजींचं निधन झालं, अंत्यविधी चार वाजता. मागचे दोन-तीन बाक तोवर रिकामे व्हायला लागलेले असतात. पार्किंगमध्ये गाड्यांचे आवाज सुरू होतात.

तरुणांचं म्हणणं मला कळतं. ते म्हणतात, "अरे, हे सगळं पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफमध्ये येतंच की! मग दहा मिनिटं कशाला?"

पण सूचनांची जागा बघा. मिस्साच्या विधीत त्यांची जागा ठरलेली आहे: कम्युनियननंतरच्या प्रार्थनेच्या पुढे आणि शेवटच्या आशीर्वादाच्या आधी. म्हणजे प्रभू आपल्यात आलेला आहे आणि आता आपल्याला बाहेर पाठवलं जाणार आहे, त्या दोन्हींच्या मधोमध. 'मिस्सा' हा आपला शब्दच मुळी लॅटिनमधल्या 'पाठवणे' या क्रियापदावरून आलेला आहे. शेवटी फादर आपल्याला 'जा' म्हणतात. कुठे जा? ते सूचनांमध्ये नुकतंच सांगून झालेलं असतं. अमुक आजींच्या अंत्यविधीला जा. आजाऱ्याच्या घरी जा. मुलांना शिकवायला जा. सूचना ऐकल्याच नाहीत तर पाठवणी होते, पण पत्ता हातात नसतो.

ही काही नवी पद्धत नाही. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टिनने रोममध्ये रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. वाचनं, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षरस. नंतर तो दोन गोष्टी आवर्जून सांगतो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपसेवक प्रभुभोजन घेऊन जातात. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतली जाते. आता विचार करा. कोण आलं नाही, कोण आजारी आहे, कोण नवीन आलंय, हे कोणाला तरी माहीत असल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. म्हणजे बातमीशिवाय दया करता येत नाही.

तुमच्या नकळत तुमच्यासाठी

लग्नाच्या घोषणांचंच उदाहरण घ्या. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही प्रथा सगळ्या चर्चला लागू केली. आपल्याला त्या रटाळ वाटतात. पण चर्चचा कायदा (कॅनन १०६९) म्हणतो की त्या लग्नात काही अडथळा ठाऊक असेल तर तो सांगणं प्रत्येक श्रद्धावंताचं कर्तव्य आहे. कुटुंबाचं नाही, फक्त फादरचं नाही, प्रत्येकाचं! कोणाला फसवून लग्न होऊ नये याची राखण अख्ख्या पॅरिशने करायची. ती दोन नावं ऐकली की आपण त्या लग्नाचे राखणदार होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. प्रत्येक रविवारी आणि बंधनकारक सणाला प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्या पॅरिशमधल्या लोकांसाठी अर्पण करायचा असतो. कॅनन ५३४ प्रमाणे हे त्यांच्यावर बंधन आहे. त्यासाठी कोणी पाकीट देत नाही, कोणी इन्टेन्शन लिहून देत नाही. तुम्ही त्या दिवशी ट्रेकला गेलेले असा, सपोर्ट शिफ्टमध्ये असा, नाहीतर देवावर रुसून घरी झोपलेले असा, तो मिस्सा तुमच्यासाठीही असतो.

"पण माझी पॅरिश कुठली?"

हा प्रश्न मला माझ्या वयाचे आणि माझ्याहून लहान असलेले खूप जण विचारतात. मी मूळचा वसईचा. आमच्याकडे हा प्रश्न पडायचा नाही. चर्चची घंटा विशिष्ट लयीत वाजली की वाडीत काम करणारी माणसं हात थांबवून एकमेकांना विचारायची, "कोण गेलं?" बातमी कानावर आपोआप यायची, न ऐकण्याची सोयच नव्हती. वसई धर्मप्रांताच्या मासिकाचं नाव 'सुवार्ता', फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते अनेक वर्षं संपादित केलं. लहानपणी घरात ते नाव रोज दिसायचं. शुभवर्तमानासाठी आपल्या भाषेत केवढा साधा शब्द आहे बघा: चांगली बातमी.

पण आता आपण पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत. गावची पॅरिश मागे राहिली आणि इथली आपली वाटत नाही. रविवारी सोयीच्या वेळेचा मिस्सा जिथे मिळेल तिथे जायचं. नाहीतर लॅपटॉपवर यूट्यूब.

यावर दोन गोष्टी सांगतो. पहिली कायद्याची. कॅनन १०२ प्रमाणे एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने राहण्याच्या इराद्याने तुम्ही आलात, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिलात, की तिथे तुमचं तात्पुरतं वास्तव्य धरलं जातं. आणि कॅनन १०७ प्रमाणे त्या वास्तव्यामुळे तुम्हांला तिथला धर्मगुरू आपोआप मिळतो. तुमचं लीव्ह-लायसन्स अकरा महिन्यांचं असेल ना? मग तुम्ही कधीच त्या पॅरिशचे झालेला आहात. रविवारी जो मिस्सा लोकांसाठी अर्पण होतो, त्यात तुम्हांला धरलेलं आहे. फक्त फादरना तुमचं नाव माहीत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. 'पॅरिश' हा शब्द ग्रीक 'पारोइकिया' वरून आला. त्याचा अर्थ काय? आपल्या घरापासून लांब, परक्या ठिकाणी तात्पुरतं राहणं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१७) या जगातल्या आपल्या मुक्कामासाठी हाच शब्द आहे. म्हणजे पॅरिश ही मुळात गावात मुरलेल्यांची जागा नाहीच. ती परगावी राहणाऱ्यांची वस्ती आहे!

आजच्या वाचनातले प्रिस्का आणि अक्विला कोण होते? अक्विला मूळचा पंतचा. रोममध्ये आले, तिथून क्लौद्य बादशहाने यहुद्यांना हाकललं म्हणून करिंथला गेले, मग इफिसला, मग परत रोमला. धंदा तंबू बनवायचा. हातात कौशल्य, आज या शहरात तर उद्या त्या. आपल्यासारखेच की! आणि जिथे गेले तिथे घराचं दार उघडलं. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हेही असेच. जपानला गेले, तिथली भाषा शिकले, फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण दिला. परक्या गावातली माणसं त्यांची 'आपली' झाली होती, म्हणून ते पळून गेले नाहीत.

"आप लोग उसको जानते थे?"

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा हिंदी मिस्सा होतो. झारखंड, छत्तीसगड, ओडिशातले बरेच जण येतात. घरकाम करणाऱ्या मुली, हॉटेलातली मुलं, सिक्युरिटी गार्ड. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी इंग्रजी मिस्साच्या शेवटी फादरनी सूचना वाचली. एका तरुणाचा रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झालाय. तो सिमडेगा जिल्ह्यातला, इथे गार्डची नोकरी करायचा, हिंदी मिस्साला यायचा. गावाहून त्याचा मोठा भाऊ निघालाय. मृतदेह गावी नेणं घरच्यांना परवडणारं नाही. अंत्यविधी मंगळवारी सकाळी अकरा वाजता. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावं. एवढंच.

मंगळवार, अकरा वाजता. आपल्या सगळ्यांच्या कॅलेंडरवर त्या वेळी काय असतं ते वेगळं सांगायला नको. मी मॅनेजरला सांगून अर्धा दिवस रजा घेतली आणि गेलो. मला वाटलं होतं चार-पाच जण असतील. मोजली नाहीत, पण चाळिसेक माणसं होती. दोन सिस्टर होत्या. गायकवृंदातल्या तीन बायका होत्या. त्याच्याच कंपनीचे चार गार्ड युनिफॉर्मवरच आले होते. एक रिटायर्ड काका होते, जे मला वाटतं एकही अंत्यविधी चुकवत नाहीत. शवपेटीचा खर्च संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मंडळींनी आधीच भागवला होता.

विधी झाला. माती दिली. तो भाऊ, दोन रात्रींच्या प्रवासाने थकलेला, एकेकाचे हात हातात घेत होता. आमच्याजवळ आला तेव्हा त्याने गोंधळून विचारलं, "आप लोग उसको जानते थे?"

काय उत्तर द्यायचं? मी त्याला ओळखत नव्हतो. आमच्यातलं कोणीच फारसं ओळखत नव्हतं. तेवढ्यात गायकवृंदातल्या एक बाई म्हणाल्या, "हमारे चर्च का था."

तो माणूस तोवर रडला नव्हता. ते ऐकून रडला.

त्या तरुणाच्या छातीवर रोज एक बिल्ला असायचा, त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर. अपघाताच्या कागदावर नंबर. शवागारात नंबर. नावाने त्याला कोणी हाक मारली? चर्चमधल्या सूचनेने. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पण हा नोव्हेंबर आहे, मृतांच्या आठवणीचा महिना, आणि मी चर्चमध्ये दिलेल्या मृतांच्या यादीत माझ्या आजी-आजोबांच्या खाली ते नाव आहे.

आता परत पौलाची ती ओळ वाचा. खजिनदार एरास्त, आणि आपला भाऊ क्वार्त. 'हमारे चर्च का था' हे मला त्या ओळीचं भाषांतर वाटतं.

ऑनलाइनचं काय?

कोणी म्हणेल, मग ऑनलाइन मिस्सा वाईट का? नाही. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करत होते आणि आपण सगळ्यांनी ती स्क्रीनवरच पाहिली. त्या दिवसांत स्क्रीनने आपल्याला धरून ठेवलं. आजही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो मोठा आधार आहे.

पण आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात. तुम्ही मेसेज पाठवला म्हणजे तो पोचला असं होत नाही. समोरून 'मिळाला' असा निरोप परत आला की मगच काम पुरं झालं. स्क्रीनवर देवाचा शब्द माझ्यापर्यंत येतो, पण माझ्याकडून परतीचा निरोप कोणाकडेच जात नाही. मी आलो की नाही, माझा चेहरा उतरलाय का, मी तीन रविवार गायब आहे, हे कोणाला कळणार? धडधाकट असून मी फक्त स्क्रीनवर राहिलो, तर सूचना मला सापडत नाहीत आणि मीही कोणाला सापडत नाही.

आणि सापडण्याची गरज कधीतरी प्रत्येकाला पडते. परक्या शहरात रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागतं, नोकरी जाते, गावाहून वाईट फोन येतो. त्या वेळी दारात कोण येणार, हा प्रश्न पगार किती आहे यावर सुटत नाही.

थोडक्यातलं विश्वासूपण

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू नेमकं हेच सांगतो. जो थोडक्यात विश्वासू, तो पुष्कळातही विश्वासू असतो. पैशाने असे मित्र जोडा, की पैसा संपल्यावर ते तुम्हांला सार्वकालिक घरात उतरवून घेतील. पैशाचे लोभी परुशी हे ऐकून नाक मुरडतात. प्रभू त्यांना सांगतो, माणसांपुढे तुम्ही स्वतःला कितीही चांगलं दाखवा, देव तुमचं अंतःकरण ओळखतो.

आपल्याला श्रद्धा म्हटलं की मोठमोठ्या गोष्टी आठवतात. रिट्रीट, तीर्थयात्रा, वेलंकनीची पदयात्रा. त्या हव्यातच. पण 'थोडकं' म्हणजे काय? सूचनांची पाच मिनिटं. अर्ध्या दिवसाची रजा. शवपेटीसाठी दिलेले दोनशे रुपये. त्या भावाला सार्वकालिक घरात उतरवून घ्यायला आता तिकडे कोण उभं असेल? कदाचित उद्या आपल्याला उतरवून घ्यायला तोच गार्ड दारात उभा असेल. गेटवर उभं राहायची त्याला सवय होती.

या आठवड्यासाठी तीन छोट्या गोष्टी

१. उद्या रविवार. आशीर्वाद मिळेपर्यंत बाकावरच राहा. सूचनांमधलं एक नाव लक्षात ठेवा आणि आठवडाभर रोज झोपताना त्या नावासाठी एक 'आमच्या बापा' म्हणा.

२. शहरात नवीन असाल तर पॅरिश ऑफिसात जाऊन आपलं नाव, फ्लॅट नंबर आणि फोन द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

३. ज्या सूचनेत पत्ता आणि वेळ असते, अशी एक तरी सूचना या महिन्यात पायांनी पाळा. आजाऱ्याची भेट असो, अंत्यविधी असो, नाहीतर खुर्च्या मांडणं.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्या डोक्यावरचे केस मोजलेस आणि आम्हांला नावाने हाक मारलीस. ज्यांना जग नंबराने ओळखतं, त्यांना भाऊ म्हणायला आम्हांला शिकव. परगावी राहणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या मंडळीत घर मिळू दे. जे या महिन्यात आम्हांला सोडून गेले, आणि ज्यांचं नाव घेणारं कोणी नाही, त्यांना तुझ्या प्रकाशात सार्वकालिक विसावा दे. उद्या जेव्हा तुझे सेवक सूचनांचा कागद उघडतील, तेव्हा त्या ऐकायला आमचे कान आणि त्या पाळायला आमचे पाय तयार असू दे. आमेन.